साखळीऐवजी पिंजरा

अकोले तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात राहणारा बिबट्या नेमकं खातो काय, हे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. पद्धत किचकट होती. बिबट्याची विष्ठा गोळा करायची, धुऊन त्यातले केस वेगळे काढायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कोणता केस कोणत्या प्राण्याचा हे ठरवायचं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात जे निष्कर्ष आले, ते आपल्या नगर जिल्ह्यात कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येकानं वाचावेत असे आहेत. वजनाच्या हिशेबानं बिबट्याच्या आहारातला ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा होता, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा ११ टक्केच. शेळी दिवसा राखणीत असते आणि दिवस मावळला की गोठ्यात बंद होते. कुत्रं रात्रभर बाहेर असतं, अनेकदा साखळीला बांधलेलं.

याच अभ्यासकांनी त्याआधी, २०१३ साली, स्वयंचलित कॅमेऱ्यांनी केलेली मोजणी प्रसिद्ध केली होती. जिथं दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहतात, अशा याच परिसरात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या वस्त्यांवर राहणाऱ्यांना हे नवं वाटणार नाही. उसाला रात्रीचं पाणी द्यायला जाणारा माणूस हातात बॅटरी आणि काठी घेऊनच निघतो. प्रश्न त्याच्या दारातल्या कुत्र्याचा आहे.

ते कुत्रं घराबाहेर का झोपतं? राखणीसाठी, हे एक उत्तर. पण बहुतेक घरांत खरं कारण फार साधं असतं: घरात घेतलं तर घाण करतं. दोन महिन्यांचं पिल्लू हौसेनं आणलं जातं, आठवडाभरात ते स्वयंपाकघरापासून सतरंजीपर्यंत सगळीकडे शी-शू करतं, घरातल्या बाईचा जीव मेटाकुटीला येतो आणि पिल्लाची रवानगी अंगणात होते. म्हणून पिल्लाला शी-शूची शिस्त लावणं हा आपल्याकडे केवळ शहरी फ्लॅटवाल्यांचा विषय राहत नाही. ज्याला ती शिस्त लागली, त्याला रात्री दाराच्या आत जागा मिळते. बिबट्याच्या या पट्ट्यात, प्रवरा नदीच्या काठावर, ती जागा म्हणजे आयुष्य.

ही शिस्त लावायची तर पिल्लाच्या पोटात काय चाललंय, ते आधी समजून घ्यायला हवं. नुकतंच जन्मलेलं पिल्लू स्वतःहून लघवीसुद्धा करू शकत नाही. आई त्याच्या शेपटीखालचा भाग चाटते, त्या स्पर्शाचा संदेश मज्जारज्जूपर्यंत जातो आणि तिथूनच मूत्राशयाला आकुंचन पावण्याचा हुकूम येतो. मेंदूचा त्यात सहभाग नसतो. आई सगळं चाटून साफ करते, त्यामुळे बिळात ओल राहत नाही आणि वासही पसरत नाही. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास डोळे-कान उघडलेले असतात, पाय थोडे सावरलेले असतात आणि पिल्लं झोपण्याच्या जागेपासून चार पावलं लांब जाऊन बसायला लागतात. शिस्तीचा हा पहिला धडा माणसानं दिलेला नसतो.

पुढे कारभार हळूहळू मेंदूकडे जातो. मूत्राशय भरला की त्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंना ताण जाणवतो, तो संदेश मेंदूच्या देठातल्या एका केंद्रापर्यंत पोहोचतो आणि तिथून ‘सोड’ असा आदेश खाली येतो. हे केंद्र फ्रेडरिक बॅरिंग्टन या ब्रिटिश शल्यचिकित्सकानं १९२५ साली मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं. मोठा कुत्रा त्या आदेशाला थोपवून धरू शकतो, कारण मूत्रमार्गाभोवतीचा बाहेरचा स्नायू त्याच्या ताब्यात असतो. दोन महिन्यांच्या पिल्लाचा ताबा अजून कच्चा असतो, मूत्राशय लहान असतो आणि लघवी दाट करून पाणी राखण्याची मूत्रपिंडांची ताकदही पुरती आलेली नसते. त्याला मुद्दाम घाण करायची नसते. जाणवणं आणि होऊन जाणं यांत त्याच्याकडे काही क्षणांचंच अंतर असतं.

म्हणून सुरुवातीचे आठवडे घड्याळाकडे लक्ष द्यायचं ते माणसानं. झोपेतून उठल्याबरोबर, खेळून दमल्यावर, पाणी प्यायल्यावर थोड्या वेळानं आणि खाल्ल्यानंतर पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत पिल्लाला बाहेर नेलं, तर बहुतेक वेळा काम होतं. जेवणानंतरची शी हा शरीराचा प्रतिसाद आहे: जठर भरलं की मोठं आतडं हलायला लागतं. त्यामुळे ताटलीत दिवसभर दूध-भाकरी कुस्करून ठेवण्याची आपली पद्धत इथं आडवी येते. खाण्याला वेळ नसेल तर शीलाही वेळ राहत नाही. दिवसातून तीन-चार ठरलेल्या वेळी खायला द्यावं, दहा-पंधरा मिनिटांत उरलेलं उचलावं. पाणी मात्र तोडू नये, नगरच्या उन्हाळ्यात तर नाहीच. पिल्लू जितक्या महिन्यांचं तितके तास अधिक एक, एवढं ते दिवसा फार तर थोपवू शकतं असा एक ढोबळ अंदाज वापरतात. ही वरची मर्यादा आहे, रोजचं वेळापत्रक तिच्या बरंच आत ठेवावं.

जागेचं गणितही शरीरातूनच येतं. अमेरिकेत बार हार्बरच्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्याच्या वाढीचा दीर्घ अभ्यास केला, त्यावरचं त्यांचं पुस्तक १९६५ साली आलं. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यातल्या काळाला त्यांनी सवंगडी जोडण्याचा नाजूक काळ म्हटलं. याच काळात, साधारण आठ-नऊ आठवड्यांपासून, पिल्लं शीसाठी ठरावीक जागा धरू लागतात. आणि जागेबरोबर पृष्ठभागही पक्का होतो. गोणपाटावर वाढलेलं पिल्लू नगर शहरात सावेडीतल्या फ्लॅटमध्ये आलं की नेमकं पायपुसण्यावर बसतं, कारण पंजाला तेच ओळखीचं लागतं. मातीत वाढलेलं पिल्लू फरशीवर गोंधळतं. त्याच्या जुन्या जागेची थोडी माती आणून गच्चीतल्या पाटीत टाकली तर ते लवकर रुळतं. वस्तीवर हा त्रास कमी, कारण दार उघडलं की माती आहेच. एकच कोपरा ठरवावा आणि रोज तिथंच न्यावं.

आता या शिस्तीला हातभार लावणाऱ्या पिंजऱ्याकडे. कुत्रा मुळातच बिळात राहणारा प्राणी असल्यानं त्याला पिंजरा जन्मतः आवडतो, असं अनेकजण सांगतात. हे मला पटत नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा यांच्या गटानं भटक्या कुत्र्यांच्या १४८ बिळांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध केला. ही बिळं विण्यासाठी आणि लहानग्यांना जपण्यासाठी असतात, आणि माद्या ती माणसांच्या वावराजवळ निवडतात. मोठं कुत्रं एरवी ओट्यावर, ट्रकखाली, मोकळ्या जागेत पसरलेलं असतं. त्याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात ३६४ पिल्लांपैकी फक्त १९ टक्के प्रजननाच्या वयापर्यंत जगली. तेव्हा बंद, लहान, सुरक्षित जागेची ओळख पिल्लाला पहिल्या आठवड्यांपासून असते, पण दार लावलेल्या पिंजऱ्याची गोडी त्याला लावावी लागते.

ती लावायची पद्धत सोपी आहे, घाई तेवढी चालत नाही. पहिले काही दिवस दार उघडंच ठेवायचं. खाणं आत द्यायचं, जुनं मऊ कापड आत टाकायचं, पिल्लू स्वतःच्या पायांनी आत-बाहेर करू द्यायचं. मग ते खात असताना क्षणभर दार लोटायचं आणि खाणं संपायच्या आत उघडायचं. क्षणाचं मिनिट होतं, मिनिटाची पाच होतात. शिक्षा म्हणून पिंजऱ्यात कधीही कोंडू नये. पिल्लानं आत जायला पाय मागे घेतला, तर आपण एक पायरी घाईनं चढलो असं समजून मागे यावं.

पिंजऱ्याचं माप शिस्तीत थेट काम करतं. पिल्लाला उभं राहता, वळता आणि पाय ताणून आडवं होता आलं पाहिजे. त्याहून फार मोठा असला की ते एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात शू करतं, कारण अंथरुणापासून चार पावलं लांब जाण्याची त्याची मूळ रीत तिथं पूर्ण होते. मोठ्या होणाऱ्या जातीसाठी पूर्ण मापाचा पिंजरा एकदाच करून घ्यावा आणि मध्ये सरकती जाळी लावून घ्यावी. नगरच्या कोणत्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात हे काम होतं. पूर्वी वस्तीवर पिल्लं कोंबड्यांच्या डालग्याखाली झाकत, तीही याच कामाची वस्तू होती, फक्त बिबट्यापुढे तिचा निभाव लागत नाही.

पिंजऱ्याचं सगळं बळ पिल्लाच्या एकाच प्रवृत्तीवर उभं आहे: झोपायची जागा कोरडी ठेवणं. ती प्रवृत्ती मोडताही येते, आणि दुरुस्तीला मग फार कष्ट पडतात. सात-आठ तास कोंडलेल्या पिल्लाला आतच शू करावी लागते. असं रोज झालं की ओल्यात झोपण्याची त्याला सवय होते, आणि मग पिंजरा निरुपयोगी ठरतो. विक्रेत्याकडे जाळीच्या खोक्यात आठवडे काढलेली पिल्लं शिस्तीला जड जातात ती यामुळेच. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे. आईकडून स्वच्छता शिकण्याचे दिवस त्यातून वाचतात. हलता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात जनावर ठेवणं आणि आखूड वा जड साखळीला अवाजवी वेळ बांधणं, ही दोन्ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं क्रूरता ठरतात. घरात दिवसभर कुणीच नसेल तर पिंजरा हा उपाय नाही. त्या घरी सध्या पिल्लूच आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चुकून घरात झालंच, तर? आपल्याकडचा रूढ उपाय म्हणजे पिल्लाचं नाक त्यात घासायचं आणि एक फटका द्यायचा. याइतकी निरर्थक शिक्षा दुसरी नाही. कृती आणि परिणाम यांत काही सेकंदांहून जास्त अंतर पडलं की पिल्लाला त्यांचा संबंध लागत नाही. ‘पण त्याला कळतं, बघा कसा खाली मान घालतो,’ असं लोक म्हणतात. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात हेच तपासलं. नको म्हटलेला खाऊ कुत्र्यानं खाल्ला की नाही, याच्याशी त्या अपराधी चेहऱ्याचा संबंध निघाला नाही. मालक रागावला की तो चेहरा दिसे, आणि ज्यानं काहीच केलं नव्हतं त्याच्याही तोंडावर दिसे. मान खाली जाते ती आपल्या आवाजाला घाबरून. मार खाल्लेलं पिल्लू एवढंच शिकतं की माणसादेखत बसायचं नाही. मग ते पलंगाखाली जातं, आणि बाहेर नेल्यावरही आपल्यासमोर करत नाही.

शाबासकीला मात्र हाच काळाचा नियम आपल्या बाजूनं वापरता येतो. बाहेर काम उरकल्याच्या त्याच क्षणी, तिथल्या तिथं, खाऊचा तुकडा द्यावा. घरात आल्यावर दिलेला खाऊ त्याला घरात आल्याबद्दल मिळतो. दरवेळी बसताना एकच शब्द हळू म्हणत राहिलं, तर पुढे तो शब्द ऐकून ते बसायला लागतं. पावसाळ्यात रात्री अकरा वाजता छत्री धरून उभं राहणाऱ्याला या शब्दाची किंमत कळते.

सांडलेलं पुसण्याबद्दल एक सूचना. आपल्याला वास गेला असं वाटतं तेव्हाही पिल्लाच्या नाकाला तो येत असतो आणि तीच जागा त्याला पुन्हा बोलावते. अमोनिया असलेली सफाईची द्रव्यं टाळावीत, कारण शिळ्या लघवीतही अमोनियाच असतो. आधी कोरडं टिपून घ्यावं, मग साबणपाणी, मग पाण्यात मिसळलेलं व्हिनेगर. लघवीतले घटक तोडणारी विकरयुक्त द्रव्यं पाळीव प्राण्यांच्या वस्तूंच्या दुकानात मिळतात, ती सर्वांत चांगली.

लसीकरण आणि बाहेर नेणं यांची वेळ एकमेकांत अडकते, त्याचा विचार आधीच करावा. पार्व्हो या रोगाचा विषाणू मातीत महिनोनमहिने टिकतो आणि लशीचे डोस सहा-आठ आठवड्यांपासून सोळाव्या आठवड्यापर्यंत चालू असतात. तोवर भटक्या कुत्र्यांच्या वाटेवरची जागा नको, स्वतःचं कुंपणाआतलं अंगण किंवा गच्ची बरी. शी रोज उचलून खोल पुरावी. पिल्लांच्या पोटात जंत बहुधा असतातच, आणि त्यांची अंडी मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जाऊ शकतात.

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पत्र्याच्या शेडमधला लोखंडी पिंजरा जीवघेणा होतो. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांपुरता, कडक उन्हाळ्यात बाकी बहुतेक उष्णता ते धापा टाकून बाहेर काढतं. कोंदट हवेत धापा टाकूनही अंग निवत नाही. दुपारी पिंजरा घराच्या आत, वारा लागेल अशा जागी असावा.

पहिल्या रात्री पिल्लू रडणारच. काल ते भावंडांच्या उबेत होतं. अशा वेळी पिंजरा दूरच्या खोलीत ठेवून ‘रडून रडून गप्प होईल’ म्हणणं निर्दय आहे, आणि उपयोगाचंही नाही. अंथरुणाशेजारी ठेवावा, जाळीतून बोट लागेल इतका जवळ. मध्यरात्री एकदा आणि पहाटे एकदा, दिवा मोठा न करता, न खेळवता, बाहेर न्यावं आणि परत आणावं. वस्तीवर या फेऱ्यांना एकट्यानं जाऊ नये. बॅटरी घ्यावी, दोघांनी जावं, आणि पिल्लाला उसाच्या कडेला न नेता दारासमोरच्या उजेडात बसवावं. झोपेत मूत्रपिंडांचं काम मंदावतं, त्यामुळे तीन-चार महिन्यांच्या आसपास मधली फेरी सुटायला लागते.

प्रवरेच्या काठावरच्या दायमाबादला १९७४ साली सापडलेल्या ब्राँझच्या रथात, रथ हाकणाऱ्या माणसाच्या पुढ्यात दांडीवर एक छोटं जनावर उभं आहे. ते कुत्रं असावं असा अभ्यासकांचा कयास आहे. तो रथ सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. प्रवरेच्या खोऱ्यात माणूस आणि कुत्रं इतक्या काळापासून सोबत आहेत. बिबट्या त्याही आधीपासून इथलाच, आणि तो कुठं जाणार नाही.

शिस्त पुरती लागायला सहसा सहावा महिना उजाडतो, काहींना वर्षही लागतं. मधेच पिल्लू बिघडतं. वयात येताना नर पाय वर करून खुणा करायला लागतो, तेव्हा पुन्हा पहिल्या वेळापत्रकावर यावं. नीट लागलेली शिस्त अचानक सुटली, वारंवार थेंब-थेंब शू होऊ लागली, तर रागावण्याआधी पशुवैद्याकडे न्यावं, मूत्रमार्गाच्या संसर्गाची ती खूण असू शकते. शहरातल्या घरात यानंतर पिंजऱ्याचं दार कायमचं उघडं ठेवता येतं. बिबट्याच्या पट्ट्यात मात्र संध्याकाळचं खाणं आतच द्यावं, अंधार पडायच्या आत दार लावावं, आणि पिंजरा ओसरीच्या किंवा खोलीच्या बंद दारामागे ठेवावा. जाळी जाड सळईची, वरून झाकलेली आणि कडी बाहेरून पंजानं न उघडणारी हवी. राखणीची काळजी करायचं कारण नाही. कुत्र्याची चाहूल घेण्याची ताकद दाराआडूनही शाबूत असते, आणि भुंकणं बाहेर सगळ्यांना ऐकू जातं.