नोटीस अंगावर काढू नये

आपल्याकडे ताप अंगावर काढायची सवय आहे. चार दिवस सुंठीचा काढा प्यायचा आणि पाचव्या दिवशी डॉक्टरकडे जायचं. आयकराचंही तसंच होतं, फक्त इथे चार दिवसांची चार वर्षं होतात. विवरणपत्र, म्हणजे आपण ज्याला रिटर्न म्हणतो, ते एका वर्षी राहून जातं. पुढच्या वर्षी भरावं तर 'मागचं कुठंय?' असं विचारतील ही धास्ती. म्हणून तेही राहतं. अशी वर्षं साठत जातात. मग खात्याची नोटीस येते आणि ती घडी घालून कपाटात कपड्यांखाली ठेवली जाते.

हे सारं एका कवीनं का सांगावं, असं आपल्याला वाटेल. कारण साधं आहे. आमच्या भावकीत बी.ए. झालेला मी एकटा. त्यामुळे बँकेचा, वीज मंडळाचा, कोर्टाचा, इंग्रजीतला कुठलाही कागद आधी माझ्यापुढे येतो. मला त्यातलं सगळं कळतं असं नाही, पण वाचून दाखवता येतं. अशाच एका कागदाच्या निमित्तानं गेल्या तीन-चार वर्षांत मला आयकराची पुष्कळ भाषा शिकावी लागली. तिचा उपयोग कवितेत होणार नाही, म्हणून इथे सांगतो.

माझा आतेभाऊ तालुक्याच्या गावी अंड्यांचा ठोक व्यापार करतो. पोल्ट्रीतून माल उचलायचा, तीस-तीसचे ट्रे किराणा दुकानांना आणि गाडेवाल्यांना पोहोचवायचे, संध्याकाळी रोख वसूल करायची, ती सकाळी बँकेत भरायची आणि पोल्ट्रीवाल्याला पाठवायची. नफा अंड्यामागे काही पैशांचा, त्यातही तूटफूट आपल्याच माथी. चालू खातं काढायला कुणी सांगितलं नाही, म्हणून सगळा व्यवहार बचत खात्यावर. बचत खात्यात वर्षाला दहा लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली, की बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. २०१८-१९ या वर्षात त्याचा रोख भरणा होता अडतीस लाख. रिटर्न मात्र नव्हतं. त्याची समजूत अशी, की माझ्या हातात काही उरतच नाही, तर कर कसला?

मार्च २०२३ मध्ये नोटीस आली. तीही त्याच्या नव्हे, पोर्टलवर नोंदलेल्या सायबर कॅफेवाल्याच्या ई-मेलवर. तो भला माणूस म्हणून त्यानं छापून आणून दिली. उत्तराला मुदत सात दिवस, त्यातले तीन गेलेले. मजकुराचा मथितार्थ असा होता, की तुमचं अडतीस लाखांचं उत्पन्न करआकारणीतून सुटलेलं दिसतं, तर तुमचं प्रकरण पुन्हा का उघडू नये याचं कारण द्या. 'भाईजान, ह्यांनी माझ्या विक्रीलाच कमाई म्हटलंय!' आतेभाऊ म्हणाला. अगदी बरोबर. या प्रकरणाचं मर्म त्याच्या या एका वाक्यात होतं.

खात्यापुढे तुमचं रिटर्न नसेल, तर त्याच्याकडे उरतो तो फक्त बँकेचा आकडा. त्या आकड्याचा खुलासा झाला नाही, तर १९६१ च्या आयकर कायद्यात ती रक्कम 'स्पष्टीकरण नसलेला पैसा' ठरवायची सोय आहे. त्या वर्षासाठी अशा पैशावर साठ टक्के कर होता. अधिभार आणि उपकर धरला की अठ्ठ्याहत्तर टक्के. अडतीस लाखांवर हिशेब करा: एकोणतीस लाख चौसष्ट हजार रुपये, व्याज आणि दंड निराळा. आता दुसरा हिशेब. हीच रक्कम विक्री आहे असं सिद्ध झालं, तर छोट्या व्यापाऱ्याला वह्या नसल्या तरी रोख विक्रीच्या आठ टक्के नफा धरून रिटर्न भरता येतं. अडतीस लाखांचे आठ टक्के तीन लाख चार हजार. त्यातून करमुक्त अडीच लाख वजा, उरलेल्यावर पाच टक्के म्हणजे सत्तावीसशे, त्यातून अडीच हजारांची सूट. राहिले दोनशे रुपये, उपकरासह फार तर दोनशे दहा. रक्कम तीच, माणूस तोच. एका बाजूला तीस लाखांच्या आसपास, दुसऱ्या बाजूला सव्वादोनशेही नाहीत. या दोन आकड्यांमधलं अंतर कागदांनी आणि जाणकारानं कापायचं असतं. पैसे देऊन मदत घ्यायची ती यासाठी.

पण मदत कुणाची? कायद्यानं तुमच्या वतीनं खात्यापुढे नातेवाईक, नेहमीचा नोकर, वकील, चार्टर्ड अकाउंटंट किंवा ठरलेली पात्रता असलेला कर सल्लागार उभा राहू शकतो. म्हणजे कायद्यानं मीही चाललो असतो. मी तो मोह टाळला. साधं रिटर्न भरायला चांगला कर सल्लागार पुरतो, पण जुनं प्रकरण उघडलं असेल तर अशी प्रकरणं चालवलेला सीए किंवा करवकील गाठावा. सीएच्या सदस्यत्व क्रमांकावरून त्यांच्या संस्थेकडे खात्री करता येते. आणि एक भेद लक्षात ठेवावा. अशिलानं विश्वासानं सांगितलेलं उघड न करण्याचं कायद्याचं कवच वकिलाला आहे. सीएला व्यवसायाच्या नियमांनी गुप्तता पाळावी लागते, पण वकिलासारखं कवच त्याला नाही. म्हणून खटल्याची भीती असेल, तर आधी वकील.

आम्हाला पहिला भेटला तो 'ऑफिसात आपली ओळख आहे' म्हणणारा. अशांना चहा पाजून निरोप द्यावा. २०१९ नंतर या चौकशीचं स्वरूपच बदललं आहे. बहुतेक प्रकरणं चेहराविरहित चालतात. अधिकारी कुठल्या शहरात बसला आहे हे तुम्हाला कळत नाही, त्याला तुमचा चेहरा दिसत नाही, सगळं पोर्टलवर लेखी. ओळख लावणार कुणाकडे? जो शब्द लिहून जाईल तोच तुमचा साक्षीदार. परताव्यात टक्का मागणाराही टाळावा. तशी फी घेणं सीएंच्या नियमांत बसत नाही.

शेवटी जिल्ह्याच्या गावी एक सीए बाई मिळाल्या. मार्चअखेरची गर्दी, टेबलावर फायलींची चळत, पण कागद हातात घेताच त्यांनी आधी त्यावरचा क्रमांक पोर्टलवर तपासला. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या प्रत्येक पत्रावर असा ओळख क्रमांक असतो. तो जुळला नाही तर नोटीस बनावट समजावी. मग त्यांनी विचारलं, 'आणखी खाती किती?' आतेभाऊ गप्प. 'पतसंस्थेत एक आहे,' तो थोड्या वेळानं म्हणाला, 'बायकोच्या नावावर.' बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, 'आज तुम्ही मला सांगा, नाहीतर उद्या ते मला सांगतील.' मला हे वाक्य फार आवडलं. सल्लागारापासून लपवलेली गोष्ट नेमकी चौकशीत निघते आणि तोपर्यंत त्यानं तुमच्या भरवशावर उलटं लिहून दिलेलं असतं.

त्यांनी त्याच दिवशी मुदत वाढवून मागितली. हे छोटं काम फार मोलाचं आहे. उत्तरच गेलं नाही, तर अधिकारी उपलब्ध माहितीवर आपल्या अंदाजानं आकारणी करून मोकळा होतो. मग कागद गोळा करणं सुरू झालं. पोल्ट्रीची बिलं, बँकेचे उतारे, वाहतुकीच्या चिठ्ठ्या, दुकानदारांची लेखी पत्रं. रोख भरली त्याच्या दोन-तीन दिवसांत तेवढीच रक्कम पोल्ट्रीला गेली, हे तारीखवार दाखवणारा तक्ता बाईंनी केला. तो तक्ता मी वाचला आहे. कुठलंही विशेषण नसलेलं इतकं बोलकं लेखन मी क्वचित पाहिलं.

त्या वर्षाचं रिटर्न नोटिशीला उत्तर म्हणून भरलं. नंतरच्या दोन वर्षांची न भरलेली रिटर्नं मात्र आपणहून भरता आली. २०२२ पासून 'अद्ययावत विवरणपत्र' नावाची सोय आहे. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून तेव्हा दोन वर्षांची मुदत होती, २०२५ मध्ये ती चार वर्षांची झाली. कर आणि व्याज यांच्या बेरजेवर जादा कर पडतो: पहिल्या वर्षात पंचवीस टक्के, दुसऱ्यात पन्नास, मग साठ, मग सत्तर. उशीर जितका, तितका भाव वाढत जातो. परतावा मागायला ही सोय नाही, आणि खात्यानं त्या वर्षाची चौकशी उघडली की ही वाट अवघड होते. म्हणून ज्यांना अजून नोटीस आलेली नाही, त्यांनी सल्लागाराकडे जायची वेळ हीच. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्याआधीच्या वर्षांचा हिशेब १९६१ च्याच कायद्यानं होतो, तेव्हा 'जुनं सगळं माफ' या अफवेवर कुणी विसंबू नये.

आणखी एक. सल्लागार कितीही चांगला असो, रिटर्नखाली सही तुमची असते. पोर्टलवर मोबाईल आणि ई-मेल स्वतःचाच ठेवावा, पाठवलेल्या प्रत्येक उत्तराची प्रत आणि पोच मागून घ्यावी. आणि आकडा समजावून मागायला लाजू नये.

मार्च २०२४ मध्ये निकाल आला. साडेतेहतीस लाखांची विक्री मान्य झाली. साडेचार लाखांना बिलं नव्हती, गाडेवाल्यांकडून पावत्या कोण घेतो? त्यावर अठ्ठ्याहत्तर टक्क्यांनी तीन लाख एक्कावन्न हजारांची मागणी निघाली, व्याज वेगळं. अपिलाला तीस दिवसांची मुदत असते, ती पाळली. वादातल्या मागणीच्या वीस टक्के भरले तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत उरलेल्या वसुलीला साधारणपणे स्थगिती मिळते. सत्तर हजारांची ती रक्कम आतेभावानं टेम्पो विकून भरली. आता ट्रे भाड्याच्या रिक्षातून जातात आणि गाडेवाल्यालाही पावती मिळते. सुनावणीचं पत्र अजून आलेलं नाही. दर सोमवारी पोर्टल उघडून बघायचं काम माझ्याकडे आहे.