‘जेन्युइन’ आणि ‘ऑथेंटिक’

हस्तलिखितांची परीक्षा करणाऱ्या इंग्रज पंडितांच्या लेखनांत ‘जेन्युइन’ आणि ‘ऑथेंटिक’ हे दोन शब्द पदोपदीं भेटतात. आपल्याकडे दोहोंसाठीं ‘अस्सल’ हा एकच शब्द योजला जातो. तें सोयीचें खरें, पण घातक आहे. कारण पहिला शब्द लेखकाविषयीं बोलतो व दुसरा मजकुराविषयीं.

हा भेद स्पष्टपणें मांडला तो लँडाफचा बिशप रिचर्ड वॉटसन यानें. टॉमस पेन याच्या ‘एज ऑफ रीझन’ या ग्रंथांतील बायबलावरील आक्षेपांस उत्तर म्हणून त्यानें १७९६ सालीं जें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांत त्याचें म्हणणें असें कीं, ज्याचें नांव ग्रंथावर आहे त्यानेंच तो लिहिला असेल तर तो ‘जेन्युइन’. आणि हकीकत घडली तशी त्यांत सांगितली असेल तर तो ‘ऑथेंटिक’. त्याचीं उदाहरणें मार्मिक आहेत. साल्मनाझार नामक इसमानें १७०४ सालीं फोर्मोसा बेटाचें वर्णन लंडनांत छापिलें. पुस्तक त्याचेंच, म्हणून ‘जेन्युइन’. पण त्या बेटावर त्यानें पाऊलही ठेविलें नव्हतें, आणि सारें कल्पित असल्याची कबुली पुढें त्यानेंच दिली. उलट अॅन्सनच्या जलप्रवासाचा वृत्तांत (१७४८) वॉल्टर या पाद्र्याच्या नांवावर निघाला. वॉटसनच्या मतें तो लिहिला रॉबिन्स यानें. हकीकत बहुतांशीं खरी, तेव्हां ‘ऑथेंटिक’. ‘जेन्युइन’ मात्र नव्हे.

प्रचलित इंग्रजींत हा काटेकोरपणा उरलेला नाहीं. चित्रांच्या बाबतींत तर कर्तृत्व दाखविण्यासही ‘ऑथेंटिक’ हाच शब्द वापरतात.

आतां आपला ‘अस्सल’. हा अरबी शब्द ‘मूळ’ या अर्थाचा, आणि दफ्तरांत त्याचा प्रतियोगी ‘नक्कल’. व्यवहारांत मात्र ‘बनावट’ याच्या उलट म्हणूनही तो येतो, आणि येथेंच घोटाळा होतो. नक्कल म्हणजे बनावट नव्हे. राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत रचलेली सभासदाची बखर आपणांस नकलांवरूनच ठाऊक आहे. तेवढ्यानें ती कृष्णाजी अनंताची नव्हे असें ठरत नाहीं. आणि ती त्याची ठरली म्हणून तींतील प्रत्येक विधान खरें असेंही नाहीं.

पानिपतानंतर (१७६१) भाऊसाहेब जिवंत असल्याच्या वार्ता उठल्या. अशी वार्ता कळविणारें त्या काळचें पत्र हातीं आलें, त्याचा कागद, वळण, शिक्का सारें निर्दोष ठरलें, तरी सिद्ध होतें तें इतकेंच कीं, बातमी तशी पसरली होती. उलटपक्षीं, वतनाच्या भांडणांत रचलेल्या बनावट महजरांतही गांवच्या शिवा व पाटलांचीं नांवें खरीं असूं शकतात. तेवढें खरें असल्यावांचून तो गोतसभेपुढें टिकलाच नसता. असा कागद फेंकून देणारा संग्राहक पुराव्यासही मुकतो.

यास्तव याद्यांत ‘अस्सल’ हा शब्द ‘मूळ प्रत’ याच अर्थीं राखावा. कर्ता निश्चित झाला असल्यास तें निराळें नोंदवावें; आणि ‘विश्वसनीय’ हा शेरा मजकूर इतर कागदांशीं ताडून पाहिल्यावरच मारावा.