शिरेतून अन्न चालू असताना घरच्यांनी काय पाहावे?



घरात कोणी आजारी पडले की पहिला प्रश्न येतो, "सलाईन लावली का?" सलाईन म्हणजे ताकद, हा समज काही जाता जात नाही. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ, बाकी सगळे पाणी. ५ टक्के ग्लुकोजच्या बाटलीतही साखर २५ ग्रॅमच. एका भाकरीएवढेही बळ नाही.

मात्र आतड्याला पीळ पडून मोठा भाग कापावा लागला, तर पोटातून अन्न देणे काही काळ बंदच होते. मग साखर, प्रथिनांचे घटक, चरबी, क्षार, जीवनसत्त्वे हे सगळे पिशवीतून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत सोडतात. डॉक्टर त्याला टीपीएन म्हणतात. अमेरिकेत डॉ. स्टॅनले डुड्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत सिद्ध करून दाखवली. तिने माणूस जगतो, पण तिच्यापासून होणारे त्रासही ओळखता आले पाहिजेत.

सर्वांत मोठा धोका नळीवाटे जंतू रक्तात जाण्याचा. पिशवी सुरू केल्यावर हुडहुडी भरून ताप आला तर "हवा बदलली असेल" म्हणून गोळी देऊन सकाळपर्यंत थांबू नये. रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठावा. नळीच्या तोंडाशी लाली, पू, दुखणे दिसले तरी तेच. नळीला हात लावण्यापूर्वी साबणाने स्वच्छ हात धुवावेत, पट्टी ओली होऊ देऊ नये. तिथे हळद किंवा अंगारा लावणे तर नकोच नको. भेटायला आलेले पाहुणे सांगतात, "त्यातच एक ताकदीचं इंजेक्शन टाका की!" पाहुण्यांना चहा द्यावा, पिशवीला हात लावू देऊ नये.

दुसरी गोष्ट साखरेची, आणि साखर आपल्याला नवी नाही. लवकर संपावी म्हणून पिशवीचा वेग वाढवला तर रक्तातली साखर चढते. तहान व लघवी वाढते. पिशवी एकाएकी बंद पडली तर साखर उतरून घाम फुटतो, हातपाय थरथरतात. घरी पंपावर चालू असेल तर वीज गेल्यावर बॅटरी किती तास चालते, हे आधीच विचारून घ्यावे. पिशवीत तेल वेगळे झालेले किंवा कण दिसले तर ती लावू नये.

बरेच दिवस उपाशी असलेल्या रोग्याला डॉक्टर सुरुवातीला थोडेच देतात. नातेवाईक कुरकुरतात. पण एकदम भरपूर दिले तर रक्तातले फॉस्फरस, पोटॅशियम झपाट्याने उतरते आणि हृदयावर बेतते. म्हणून रक्त वारंवार तपासतात; त्यावर चिडू नये. पाय सुजले, वजन एका दिवसात किलोभर वाढले, डोळे पिवळे दिसले, तर वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावे.

तोंडाने काही घेत नसला तरी रोग्याचे दात रोज घासावेत, नाहीतर तोंड येते. आणि त्याच्यासमोर ताट घेऊन बसू नये. पोट भरल्याची भावना शिरेतून मिळत नाही. फोडणीचा वास आला की त्याचा जीव कासावीस होतो. सांभाळणाऱ्या बाईचीही रात्रपाळी बदलावी. बहुतेक घरांत ती एकटीच जागते.