बरणी की बाटली?

गोव्यातील अनेक ख्रिस्ती कुटुंबांत नाताळसाठी घरी द्राक्षांची वाइन करतात. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय ती करणे हा दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे; आपण येथे फक्त विज्ञान पाहू.) आंबण्याची क्रिया संपल्यावर वाइन काही महिने मुरू देतात. ती मोठ्या बरणीत मुरवावी की लहान बाटल्यांत?

मुरताना टॅनिनचे रेणू एकमेकांशी जोडले जातात, तुरटपणा कमी होतो व गाळ तळाशी बसतो. थोडा ऑक्सिजन या क्रियेला मदत करतो. तो जास्त मिळाला तर मात्र ॲसिटोबॅक्टर जातीचे जीवाणू अल्कोहोलचे ॲसेटिक आम्ल करतात, म्हणजेच वाइनचा सिरका होतो. वाइन मुरण्यातील ऑक्सिजनचा वाटा लुई पास्चर यांनी १८६६ साली आपल्या ग्रंथात मांडला.

आता हिशेब करू. ५ लिटरच्या बरणीतून निम्मी वाइन काढली, तर वर २.५ लिटर हवा येते. तिच्यात २१ टक्के, म्हणजे सुमारे अर्धा लिटर ऑक्सिजन असतो. त्याचे वजन साधारण ७०० मिलिग्रॅम. उरलेल्या वाइनच्या वाट्याला लिटरमागे २८० मिलिग्रॅम आले! ७५० मिलिलिटरच्या बाटलीत बुचाखाली ५ मिलिलिटर हवा राहिली, तर हाच आकडा २ मिलिग्रॅमहूनही कमी भरतो.

मग मोठे भांडे वाईटच का? नाही. १० सेंटिमीटर बाजूच्या घनात १ लिटर द्रव मावतो आणि त्याचे पृष्ठफळ ६०० चौ. सेंमी. असते. १ मीटर बाजूच्या घनात १००० लिटर मावतात, पण लिटरमागे पृष्ठफळ फक्त ६० चौ. सेंमी. येते. म्हणून मोठा साठा सावकाश तापतो व सावकाश निवतो. सेलूसारख्या गावी उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेथे हा फायदा मोठाच. शिवाय मोठ्या भांड्यातली वाइन गाळावरून अलगद काढून घेणे सोपे जाते.

तात्पर्य असे, की सुरुवातीचे महिने मोठी बरणी, पण गळ्यापर्यंत भरलेली. आणि बरणी उघडली की सगळी वाइन एकदमच बाटल्यांत.

वर्गात यासाठी वाइन नको. गाळलेला कोरा चहा दोन सारख्या बाटल्यांत घ्या. एक काठोकाठ भरा, दुसरी पाव भरा आणि दोन्ही घट्ट बंद करा. दुसऱ्या दिवशी दोन्हींतला चहा सारख्या पेल्यांत सारख्या उंचीपर्यंत ओतून रंग ताडून पाहा. चहातही टॅनिनसारखी द्रव्ये असतात. फरक दिसला तर त्याचे कारण विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.