जुन्या जीपचा जीर्णोद्धार

डोंगरवाटांनी व चिखलातून जाणाऱ्या प्रत्येक उघड्या, दणकट मोटारीला आपल्याकडे सरसकट जीप म्हणतात. वस्तुतः हे नाव एका विशिष्ट गाडीचे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, अमेरिकी लष्कराने हलक्या व चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळणाऱ्या मोटारीची मागणी नोंदवली. तिच्यातून ही गाडी जन्मास आली. रणभूमीवर सामान्य सैनिकाला हाताशी असलेल्या थोड्या हत्यारांनी ती दुरुस्त करता यावी, हा तिच्या रचनेमागील एक हेतू होता. त्यामुळे तिचे पत्रे बहुतांशी सपाट ठेवण्यात आले आणि बहुतेक भाग बोल्टांनी जोडण्यात आले.

युद्ध संपल्यावर शेतीच्या व नागरी उपयोगासाठी याच गाडीच्या आवृत्त्या निघाल्या. मुंबईत महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस जीपची जुळणी सुरू केली व पुढे उत्पादनही हाती घेतले. या मालिकेतील सीजे-३बी ही आवृत्ती अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाली, परंतु भारतात तिची परंपरा त्यानंतरही दीर्घकाळ टिकली. तिचे उंच बॉनेट ही तिची ओळख होय. हरिकेन इंजिनामध्ये आत घेणाऱ्या झडपा माथ्यावर बसवलेल्या होत्या. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि तिच्याबरोबर बॉनेटही वर उचलावे लागले.

म्हैसूर हे शहर सुमारे ७७० मीटर उंचीवर वसले आहे. त्याच्या पश्चिमेस कोडगू हा देशात सर्वाधिक कॉफी पिकवणारा जिल्हा आहे. तेथील मळ्यांतून कॉफीची पोती व मजूर यांची ने-आण करण्यासाठी जीपचा पिढ्यान् पिढ्या उपयोग होत आला. अशी वापरून जीर्ण झालेली गाडी विकत घेऊन, किंवा घरातीलच जुनी गाडी बाहेर काढून, ती पुन्हा रस्त्यावर आणावी अशी हौस अनेकांना असते. पैसा मात्र बेताचा असतो. अशा वेळी कोणता खर्च आधी करावा आणि कोणता पुढे ढकलावा, हा खरा प्रश्न होऊन बसतो.

दिसणारे आणि न दिसणारे

नवा मालक बहुधा रंगापासून आरंभ करतो, कारण रंग डोळ्यांना दिसतो. हा क्रम महागात पडतो. पुष्कळ जुन्या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकना एकाच मार्गाने तेलाचा दाब पोचवला जातो. एखाद्या नळीतून किंवा चाकाजवळील सिलिंडरच्या झिजलेल्या रबरातून तेल गळू लागले, तर केवळ त्या चाकाचा नव्हे, तर चारही चाकांचा ब्रेक निकामी होतो. घाटात ओझ्यासह उतरणाऱ्या गाडीच्या बाबतीत याचा अर्थ काय, हे सांगावयास नको. म्हणून पहिला पैसा ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे आणि पाटे यांवर, दुसरा गंजलेल्या सांगाड्यावर, आणि त्यानंतर उरेल तो रंगावर, असा क्रम ठेवणे हिताचे असते.

गंज हा जीपचा सर्वांत मोठा शत्रू होय. लोखंड, पाणी व प्राणवायू यांच्या संयोगातून तो निर्माण होतो आणि ज्या लोखंडापासून तो बनतो त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळेच वरचा रंग फुगतो व पोपडे धरतो. फुगवटा दिसू लागतो तेव्हा आतील पत्रा बराचसा खाल्ला गेलेला असतो. पायाखालील रबरी चटईच्या आड, बॉडी व सांगाडा जेथे जोडलेले असतात त्या जागी आणि पाणी वाहून जाण्याची छिद्रे मातीने बुजलेल्या पोकळ पट्ट्यांत तो प्रथम शोधावा. तेथे हातोडीने हलके ठोकून पाहावे. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो, खाल्लेल्या पत्र्याचा आवाज बद्द येतो. अशा ठिकाणी पुट्टी भरणे म्हणजे दोष झाकणे होय. सडलेला भाग कापून तेथे नवा पत्रा वेल्ड करणे हाच उपाय आहे.

पावसाळ्यापूर्वी गाडीच्या पोटाला इंजिनाचे जळके तेल फासण्याचा प्रघात अनेक ठिकाणी आढळतो. त्याने गंज काही काळ थोपवला जातो, परंतु ते तेल रबरी भागांना अपायकारक असते आणि मातीत व पाण्यात उतरते. गंज काढून प्रायमर व काळा संरक्षक लेप देणे अधिक टिकाऊ ठरते.

रंग का टिकतो

रंगाच्या टिकाऊपणाचे रहस्य डब्यात नसून पृष्ठभागाच्या तयारीत असते. म्हैसूरमध्ये १९३७ साली नाल्वडी कृष्णराज वोडेयर यांच्या कारकीर्दीत लाख व रंग यांचा एक कारखाना स्थापन झाला. म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश या नावाने तो आज ओळखला जातो. मतदाराच्या बोटाला लावली जाणारी न पुसणारी शाई १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून हा कारखाना पुरवीत आला आहे. त्या शाईतील सिल्व्हर नायट्रेट त्वचेशी रासायनिक संयोग पावते, म्हणून ती धुऊन जात नाही. मोटारीच्या रंगाची गोष्ट वेगळी आहे. तो मुख्यतः पृष्ठभागाला धरून राहतो. धरावयास स्वच्छ व किंचित खरखरीत जागा मिळाली नाही, तर महागातला महाग रंगही सुटून येतो.

म्हणून प्रथम तेल व मळ पूर्णपणे धुवावा लागतो. त्यानंतर तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने गंज काढावा. उघडा पडलेला पत्रा हवेतील ओलाव्याने लगेच गंजू लागतो, म्हणून त्याच दिवशी त्यावर रेड ऑक्साइड प्रायमरचा हात द्यावा. बारीक खळगे पुट्टीने भरून ती पाण्याने भिजवलेल्या वॉटर पेपरने घासावी. पाण्याचा उपयोग येथे दुहेरी असतो. पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि धूळ उडत नाही. जुन्या पिवळ्या, तांबड्या व हिरव्या रंगांत शिशाची संयुगे असण्याचा संभव असतो, आणि ती कोरडी धूळ श्वासावाटे शरीरात जाणे घातक असते. हे सारे काम वेळखाऊ असले तरी फारसे कौशल्याचे नाही. मालकाने ते स्वतः केले, तर मजुरीचा मोठा वाटा वाचतो.

रंगाचे साधारणपणे तीन प्रकार उपलब्ध असतात. सिंथेटिक इनॅमल स्वस्त असून ब्रशनेही लावता येते, परंतु ते सावकाश वाळते. नायट्रोसेल्युलोज रंग, ज्याला गॅरेजमध्ये ‘ड्युको’ म्हणतात, लवकर वाळतो. मात्र थिनर वेगाने उडून जाताना पत्रा थंड होतो, आणि हवा दमट असल्यास त्यावर सूक्ष्म दव साचून रंगावर पांढुरकी झाक येते. याच कारणाने हे काम जून ते सप्टेंबर टाळून, जानेवारी ते मार्च या कोरड्या महिन्यांत करणे श्रेयस्कर. तिसरा प्रकार दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगाचा. तो सर्वांत टिकाऊ असतो, परंतु त्याच्या फवाऱ्यातील आयसोसायनेटमुळे दम्यासारखा विकार जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून तो मारणे धोक्याचे आहे. योग्य साधने असलेल्या कारागिराकडेच ते काम सोपवावे.

बेताच्या खर्चात काम करणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चकचकीत रंगात पत्र्याचा प्रत्येक पोचा उठून दिसतो, कमी चकाकीच्या रंगात तो झाकला जातो. मोठ्या लढाऊ गाड्यांची आठवण म्हणून अनेकांना लष्करी हिरवा रंग हवासा वाटतो, परंतु केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १२१ अन्वये ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवलेला आहे.

फेरफारांची किंमत

रंगानंतर मोह पडतो तो मोठ्या टायरांचा. टायरचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला, तर इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्यात गाडी तितके अधिक अंतर कापते. याचाच अर्थ चढावर तिची ओढण्याची शक्ती कमी होते. ताशी ५५ किलोमीटर वेग असताना वेगमापक ५० दाखवतो, आणि गाडी थांबवण्यासाठी त्याच जुन्या ब्रेकना अधिक जोर लावावा लागतो. गाडीची उंची वाढवली, तर तिचा गुरुत्वमध्य वर जातो व वळणावर ती उलटण्याची शक्यता वाढते. काटकसर म्हणून दोनच टायर बदलणेही योग्य नव्हे. पुढील व मागील चाकांना शक्ती देणारे दांडे चारचाकी जोडणीत एकमेकांशी घट्ट बांधले जातात. चाकांचे व्यास भिन्न असतील, तर गिअरवर सतत ताण साचत राहतो.

कायद्याची मर्यादाही स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच अर्थाला दुजोरा दिला. रंग बदलल्यास परिवहन कार्यालयात नोंदणीपत्रावर तशी नोंद करून घ्यावी. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते व त्यानंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी वाढवली जाते. या तपासणीत सांगाड्यावर कोरलेला क्रमांक पाहतात. गंज घासताना तो क्रमांक पुसला गेला किंवा जाड रंगाखाली बुजला, तर सारे श्रम वाया जाण्याची वेळ येते.

यावरून असे दिसून येईल की, जुन्या जीपमध्ये करण्याजोगा सर्वांत स्वस्त व सर्वांत उपयुक्त फेरफार म्हणजे तिला तिच्या मूळ स्थितीच्या जवळ नेणे हाच होय. ज्याच्याजवळ पैसा थोडा आहे, त्याने वेळेचे भांडवल वापरावे. या हंगामात ब्रेक, पुढील हंगामात पत्रे व त्यानंतर रंग, असे काम वाटून घेता येते. एकेक भाग सोडवून दुरुस्त करता यावा अशीच ही गाडी मुळात घडवलेली असल्यामुळे तिला ही संथ गती मानवते.