गोगलगाय आणि शिक्रा

“बलवान तेवढा जगतो, दुबळा मरतो,” हे वाक्य सृष्टीचा नियम म्हणून आपण ऐकत आलो आहोत. वाटाघाटींच्या टेबलावरही ते आम्हांस पुष्कळदा ऐकविण्यात आले. ते कितपत खरे, हे दोन प्राणी शेजारी ठेवून पाहू.

शिक्रा आपल्या ओळखीचा. कबुतराएवढा हा शिकारी पक्षी शहरांतील झाडांवरही घरटे बांधतो. सरडा, उंदीर, खार, चिमणी, नाकतोडा, मिळेल ते खातो. आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत त्याची वस्ती आहे. एक रान तुटले, तर तो दुसरे शोधतो.

दुसरा प्राणी पॅसिफिक महासागरातील हवाईच्या ओआहू बेटावरचा. झाडावर राहणारी ही गोगलगाय जेमतेम पाऊण इंच लांबीची. पानांवरची बुरशी खरवडून खाई; पानाला इजा करीत नसे. वयात येण्यास तिला काही वर्षे लागत, आणि पिल्लू एका वेळी एकच होई. तिच्या शंखांच्या माळा लोक गळ्यात घालीत; 1787 साली कॅप्टन डिक्सन यांस अशीच एक माळ मिळाली, तेव्हा ती युरोपास ठाऊक झाली.

ती दुबळी म्हणून मेली काय? हजारो वर्षे तर ती सुखाने नांदत होती! पुढे माणसाने जंगले तोडली, जहाजांतून उंदीर आले. 1936 साली आफ्रिकेतील मोठी गोगलगाय बेटावर आणली गेली आणि ती पिके खाऊ लागली. तिच्या बंदोबस्तासाठी 1955 साली सरकारी खात्याने फ्लॉरिडातील गोगलगायखाऊ गोगलगाय आणून सोडली. तिने स्थानिक गोगलगायींचाच फडशा पाडला. 1997 साली उरलेल्या दहा गोगलगायी प्रयोगशाळेत नेल्या. तेथे जन्मलेली शेवटची, ‘जॉर्ज’ नावाची, 1 जानेवारी 2019 रोजी मेली. तिच्याबरोबर ती जातच संपली.

म्हणजे शिक्रा तरला तो केवळ नखांच्या बळावर नव्हे. त्याला अनेक घरे होती, अनेक घास होते. गोगलगायीला एकच डोंगर होता, आणि तेथे काय आणावे हे ठरविणाऱ्यांनी तिचा विचार केला नाही. एकाच गिरणीवर पोट असलेल्या माणसांची गिरणी बंद पडते, तेव्हा त्यांनाही दुबळे ठरविले जाते.

ती आफ्रिकी गोगलगाय आज महाराष्ट्रातील शेतांतही उपद्रव देते. तिच्यावर उपाय हवाच. पण नवा प्राणी आणून सोडण्यापूर्वी ओआहूची आठवण ठेवावी, एवढेच आमचे सांगणे.