न्या. नूर मोहम्मद हसनअली : न्यायासनापासून राष्ट्राध्यक्षपदापर्यंत

प्रास्ताविक

कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद व टोबॅगो हे दोन बेटांचे प्रजासत्ताक आपल्याकडे क्रिकेटमुळे आणि नोबेल पारितोषिक विजेते लेखक व्ही. एस. नायपॉल यांच्यामुळे परिचित आहे. मात्र १९८७ ते १९९७ अशी दहा वर्षे या देशाचे राष्ट्राध्यक्षपद भारतीय वंशाच्या एका मुस्लिम न्यायमूर्तींनी भूषविले, ही बाब फारशी ज्ञात नाही. न्या. नूर मोहम्मद हसनअली हे त्या पदावरील पहिले भारतीय वंशाचे आणि पहिले मुस्लिम गृहस्थ होत. दोन्ही अमेरिका खंडांतील पहिले मुस्लिम राष्ट्रप्रमुख म्हणूनही त्यांचा उल्लेख केला जातो. लोकसंख्येत सुमारे सहा टक्के असलेल्या समाजातील व्यक्तीवर परस्परविरोधी पक्षांनी पाठोपाठ विश्वास टाकला, तो कशामुळे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

त्रिनिदादमध्ये गुलामगिरी संपुष्टात आल्यानंतर उसाच्या मळ्यांवर मजुरांची टंचाई निर्माण झाली. ती भरून काढण्यासाठी ब्रिटिशांनी भारतातून करारबद्ध म्हणजेच गिरमिटिया मजूर नेण्यास सुरुवात केली. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' हे जहाज सव्वादोनशेच्या आसपास भारतीयांना घेऊन तेथे पोहोचले. १९१७ पर्यंत १ लाख ४० हजारांहून अधिक भारतीय तेथे गेले. त्यांत बहुसंख्य हिंदू होते, तर मुस्लिम अल्प होते. यांतील बहुतेक लोक आजच्या उत्तर प्रदेश व बिहारमधील जिल्ह्यांतून कलकत्ता बंदरामार्गे गेले होते.

या मजुरांच्या मुलांपर्यंत शिक्षण पोहोचविण्यात कॅनडातील प्रेस्बिटेरियन मिशनचा वाटा मोठा होता. सॅन फर्नांडो येथील नापरिमा कॉलेज हे याच मिशनचे. १३ ऑगस्ट १९१८ रोजी जन्मलेले नूर हसनअली याच संस्थेत शिकले आणि पुढे तेथेच काही काळ शिक्षक झाले. मिशनच्या शाळेत शिकूनही त्यांची धर्मनिष्ठा अखेरपर्यंत कायम राहिली. शिक्षण आपल्या संस्थेत घ्यावे की इतरांच्या, हा वाद आपल्याकडेही जुनाच आहे; त्या दृष्टीने ही नोंद बोलकी आहे.

शिक्षण व न्यायालयीन कारकीर्द

शिक्षकाची नोकरी सोडून ते उच्च शिक्षणासाठी टोरांटो विद्यापीठात गेले. त्यानंतर लंडनच्या ग्रेज इन या संस्थेतून १९४८ मध्ये ते बॅरिस्टर झाले. मायदेशी परतल्यावर काही वर्षे त्यांनी वकिली केली. १९५३ मध्ये ते मॅजिस्ट्रेट झाले. पुढे सरकारी वकील व असिस्टंट सॉलिसिटर जनरल या पदांवर काम करून १९६६ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि १९७८ मध्ये अपील न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९८५ मध्ये ते निवृत्त झाले.

ही पायरीपायरीने झालेली वाटचाल आहे. तीत पक्षीय राजकारण नव्हते. त्यांनी कधी निवडणूक लढविली नव्हती. पुढे हीच बाब त्यांच्या निवडीस पोषक ठरली.

राष्ट्राध्यक्षपदाचे स्वरूप

त्रिनिदाद १९६२ मध्ये स्वतंत्र झाला आणि १९७६ च्या संविधानाने प्रजासत्ताक बनला. तेथील राष्ट्राध्यक्ष आपल्या राष्ट्रपतींप्रमाणे नामधारी प्रमुख असून प्रत्यक्ष कारभार पंतप्रधान व मंत्रिमंडळ पाहते. दोन फरक मात्र ध्यानात घेण्याजोगे आहेत.

पहिला फरक निवडीचा. भारतात राष्ट्रपतींच्या निवडणुकीत राज्यांच्या विधानसभांचे सदस्यही मतदान करतात. तेथे केवळ संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य गुप्त मतदानाने निवड करतात. त्यामुळे कनिष्ठ सभागृहात मोठे बहुमत असलेला पक्ष आपल्या पसंतीची व्यक्ती सहज निवडून आणू शकतो. दुसरा फरक स्वविवेकाचा. भारताचे राष्ट्रपती राज्यसभेवर १२ सदस्य नेमतात, ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. त्रिनिदादच्या ३१ सदस्यांच्या सिनेटमध्ये मात्र ९ सदस्य राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या विवेकाने नेमतात. ज्या वेळी कोणत्याही पक्षाला बहुमत नसेल, त्या वेळी बहुमताचा पाठिंबा मिळण्याची सर्वाधिक शक्यता कोणाला आहे, हेही त्यांनीच ठरवायचे असते.

कसोटीचे तीन प्रसंग

डिसेंबर १९८६ च्या निवडणुकीत ए. एन. आर. रॉबिन्सन यांच्या नेतृत्वाखालील आघाडीने ३६ पैकी ३३ जागा जिंकल्या आणि तीस वर्षांची सत्ता उलथली. मार्च १९८७ मध्ये हसनअली राष्ट्राध्यक्ष झाले. १९९१ मध्ये सत्तापालट होऊन जुना पक्ष पॅट्रिक मॅनिंग यांच्या नेतृत्वाखाली परत आला. १९९२ मध्ये मुदत संपताच नव्या सत्ताधाऱ्यांना आपला माणूस निवडता आला असता. तथापि हसनअली यांचीच फेरनिवड झाली. त्यांच्या निःपक्षपातीपणाला विरोधकांनी दिलेली ही पावती होय.

दुसरा प्रसंग अधिक कटू आहे. २७ जुलै १९९० रोजी 'जमात अल मुस्लिमीन' या संघटनेच्या सशस्त्र लोकांनी संसदेवर व दूरदर्शन केंद्रावर ताबा मिळवून पंतप्रधानांसह अनेकांना ओलीस ठेवले. हसनअली त्या वेळी परदेशी होते. माफीच्या दस्तऐवजावर सही केली ती सिनेटचे अध्यक्ष व प्रभारी राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल कार्टर यांनी. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९९४ मध्ये ही माफी अवैध ठरविली. मात्र सोडून दिलेल्यांवर पुन्हा खटला चालविणे न्यायप्रक्रियेचा दुरुपयोग ठरेल, असेही म्हटले. एका गटाच्या कृत्यामुळे संपूर्ण समाज संशयाच्या भोवऱ्यात सापडण्याचा तो काळ होता. अशा काळात देशाच्या सर्वोच्च पदावर एक मुस्लिम न्यायमूर्ती होते आणि बंडानंतर दोनच वर्षांत संसदेने त्यांना पुन्हा निवडले, याचे महत्त्व कमी लेखता येणार नाही.

तिसरा प्रसंग नोव्हेंबर १९९५ चा. दोन मोठ्या पक्षांना प्रत्येकी १७ आणि रॉबिन्सन यांच्या पक्षाला २ जागा मिळाल्या. या दोन सदस्यांनी बासदेव पांडे यांना पाठिंबा दिल्यावर हसनअली यांनी पांडे यांना पंतप्रधान नेमले. भारतीय वंशाचे ते पहिले पंतप्रधान. ही नेमणूक वांशिक आपुलकीतून झाली नव्हती, तर सभागृहातील १९ विरुद्ध १७ या आकड्यांतून झाली होती.

याउलट २००१ मध्ये निकाल १८-१८ असा लागला, तेव्हा राष्ट्राध्यक्षपदी रॉबिन्सन होते. त्यांनी नैतिक व आध्यात्मिक मूल्यांचा हवाला देऊन मॅनिंग यांची निवड केली. नव्या सभागृहाला सभापतीही निवडता आला नाही आणि २००२ मध्ये पुन्हा निवडणूक घ्यावी लागली. १९९५ मध्ये आकडे स्पष्ट होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु निर्णयाचे कारण मोजता येण्याजोगे असले की तो सर्वांना स्वीकारता येतो, ही गोष्ट या तुलनेतून दिसते.

श्रद्धा आणि पद

हसनअली यांच्या काळात राष्ट्राध्यक्ष निवासातील समारंभांत मद्य दिले जात नसे. ही मर्यादा त्यांनी आपल्या घरापुरती पाळली. ती कायद्यात आणण्याचा वा इतरांवर लादण्याचा प्रयत्न केला नाही. देशाचा 'ट्रिनिटी क्रॉस' हा तेव्हाचा सर्वोच्च सन्मानही त्यांना लाभला होता. या सन्मानाचे ख्रिस्ती नाव व चिन्ह हिंदू व मुस्लिमांबाबत भेदभाव करणारे आहे, असे २००६ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने म्हटले आणि २००८ मध्ये त्याची जागा नव्या सन्मानाने घेतली. अल्पसंख्याकांचा प्रश्न त्या देशात एका नेमणुकीने सुटला नव्हता, हे यावरून कळते.

समारोप

२५ ऑगस्ट २००६ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी हसनअली यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर अँथनी कार्मोना आणि पॉला-मे वीक्स हे आणखी दोन माजी न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष झाले. न्यायाधीशाला दोन्ही बाजू ऐकण्याची, कारणे देण्याची आणि अधिकाराबाहेर न जाण्याची सवय असते. नामधारी प्रमुखाचे खरे बळ याच सवयीत असते. संसदीय पद्धतीतील राष्ट्रप्रमुखाचा स्वविवेक शिकविताना १९९५ व २००१ ही दोन उदाहरणे वर्गात शेजारी शेजारी ठेवावीत. विद्यार्थ्यांना दोन्ही निकालांचे आकडे आधी द्यावेत, निर्णय त्यांनाच घेऊ द्यावा आणि प्रत्यक्षात काय घडले ते नंतर सांगावे. संविधानातील एका कलमाचे मोल त्यातून त्यांना अधिक चांगले उमगेल.